प्रोटॉन-वाहक सिरॅमिकची पहिली दाट पेलेट: पुडीपासून इम्पीडन्सपर्यंत

सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलमध्ये वर्षानुवर्षं वापरात असलेलं इलेक्ट्रोलाइट (दोन इलेक्ट्रोडमधला, आयन वाहणारा थर) म्हणजे यट्रिया (यट्रियम ऑक्साइड) मिसळलेलं झिर्कोनिया (झिर्कोनियम ऑक्साइड). त्यातून ऑक्सिजनचे आयन पलीकडे जातात, पण त्यासाठी सेल ७०० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. प्रोटॉन-वाहक सिरॅमिकमधून हायड्रोजनचा प्रोटॉन जातो. एका ऑक्सिजनवरून शेजारच्या ऑक्सिजनवर जायला त्याला ०.४ ते ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. झिर्कोनियातल्या ऑक्सिजन आयनाला जवळपास दुप्पट लागतात. म्हणून हे सेल ४०० ते ६५० अंशांतही चालतात. शिवाय पाणी हवेच्या बाजूला तयार होतं, त्यामुळे इंधन पातळ होत नाही.

अशा सिरॅमिकची पेलेट, म्हणजे पूड दाबून भाजलेली चकती, करण्याचं काम नव्याने हाती घेतलेल्यांच्या पेलेट फुटतात, सच्छिद्र राहतात, किंवा दिसायला उत्तम असून वहन भलतंच कमी देतात. कारणं वेगवेगळी वाटली तरी बहुतेकांचं मूळ एकच: बेरियमचा हिशेब चुकलेला असतो. वजन करताना, दळताना आणि भट्टीत बेरियम कुठे कमी-जास्त होतं, यावर लक्ष ठेवलंत तर बाकीचं काम तुलनेने सरळ आहे.

१. संयुग निवडा

या पदार्थांचा पाया १९८१ मध्ये जपानच्या इवाहारा आणि सहकाऱ्यांनी घातला. स्ट्रॉन्शियम सेरेटमध्ये वाफेच्या सान्निध्यात प्रोटॉन वाहतात, हे त्यांनी दाखवलं. आज काम मुख्यतः दोन टोकांच्या मध्ये चालतं.

बेरियम सेरेट: वहन उत्तम, भाजून दाट करायला सोपं, पण कार्बन डायऑक्साइड आणि वाफेपुढे टिकत नाही. त्याचं पुन्हा बेरियम कार्बोनेट आणि सेरिया (सेरियम ऑक्साइड) होतं.

बेरियम झिर्कोनेट: रासायनिकदृष्ट्या भक्कम, पण दाट व्हायला १६०० ते १७०० अंश मागतं, आणि दाण्यांच्या (आतल्या बारीक स्फटिकांच्या) सीमांवर रोध फार.

नवशिक्याने मधलं घ्यावं, अणूंच्या प्रमाणात: बेरियम १, झिर्कोनियम ०.४, सेरियम ०.४, यट्रियम ०.१, यटर्बियम ०.१. पुढे याला ४४११ म्हणू. सेरियम ०.७ आणि झिर्कोनियम ०.१ असलेलं १७११ जास्त वहन देतं, पण कार्बन असलेल्या इंधनात लवकर खराब होतं. पहिल्याच फेरीत शुद्ध झिर्कोनेटच्या मागे लागू नका. भट्टीशी झगडण्यातच वेळ जाईल.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. भट्टीतून निघालेल्या या सिरॅमिकमध्ये प्रोटॉन जवळपास नसतातच. चार-संयुजी झिर्कोनियम-सेरियमच्या जागी तीन-संयुजी यट्रियम-यटर्बियम बसल्यामुळे ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. वाफ आली की पाण्याचा एक रेणू अशा एका जागेत शिरतो आणि दोन प्रोटॉन देतो. ही क्रिया उष्णता बाहेर टाकणारी आहे, त्यामुळे तापमान वाढवत नेलं की पाणी परत निघून जातं. कोरड्या वायूत मोजमाप करून ‘वहन नाही’ म्हणणं चूक, आणि ८०० अंशांना मोजून दिसलेलं सगळं वहन प्रोटॉनचं मानणं हीसुद्धा चूक.

२. जमवाजमव

पुडी: बेरियम कार्बोनेट, झिर्कोनियम ऑक्साइड, सेरियम ऑक्साइड, यट्रियम ऑक्साइड, यटर्बियम ऑक्साइड, निकेल ऑक्साइड, शुद्धता शक्यतो ९९.९ टक्के.

साधनं: ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू, झाकणाची प्लॅस्टिक बरणी आणि झिर्कोनियाचे गोळे, बरणी फिरवणारी मिल, अगेटचा खल, १३ मिलिमीटरचा कडक पोलादी साचा, हायड्रॉलिक प्रेस, झाकणासह अॅल्युमिनाची मूस, १५०० अंशांच्या वर जाणारी मॉलिब्डेनम डायसिलिसाइड घटकांची भट्टी.

कागद: प्रत्येक पुडीचं सुरक्षा-पत्रक, त्या लॉटचं विश्लेषण प्रमाणपत्र, वजनांचा तक्ता, भट्टीची नोंदवही. प्रमाणपत्र फाइलमध्ये टाकण्याआधी वाचा. झिर्कोनियाच्या पुडीत एक-दोन टक्के हाफ्नियम ऑक्साइड असणं नेहमीचं आहे, आणि काही पुड्यांत यट्रिया आधीच मिसळलेला असतो. तसा असेल तर तुमचं यट्रियमचं गणित पहिल्याच पायरीला बिघडतं.

सुरक्षा: बेरियम कार्बोनेट पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून निरुपद्रवी वाटतं; पोटातल्या आम्लात मात्र ते विरघळतं आणि विषारी ठरतं. निकेल ऑक्साइडची धूळ श्वासातून गेल्यास कर्करोगकारक आहे. वजन, चाळणं आणि पॉलिश करताना हातमोजे व धूळ अडवणारा मास्क हवाच. कोरडी पूड फ्यूम हूडमध्येच हाताळा. धुतलेलं पाणी आणि पॉलिशचा गाळ सिंकमध्ये सोडू नका, वेगळ्या डब्यात साठवा.

३. पुडी वाळवा, मग वजन करा

यट्रियम आणि यटर्बियमची ऑक्साइडं हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतात. ती ९०० ते १००० अंशांवर काही तास तापवा. झिर्कोनिया आणि सेरियाही ८०० अंशांवर तापवून घ्या. बेरियम कार्बोनेटला २०० अंशांवर रात्रभर ठेवणं पुरतं. सगळं डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा आणि लगेच वजन करा.

०.१ मोल, म्हणजे सुमारे ३०.२५ ग्रॅम ४४११ साठी:

बेरियम कार्बोनेट १९.७३४ ग्रॅम
झिर्कोनियम ऑक्साइड ४.९२९ ग्रॅम
सेरियम ऑक्साइड ६.८८५ ग्रॅम
यट्रियम ऑक्साइड १.१२९ ग्रॅम
यटर्बियम ऑक्साइड १.९७० ग्रॅम
निकेल ऑक्साइड ०.३० ग्रॅम

निकेल ऑक्साइड तयार संयुगाच्या १ टक्का आहे. ते भाजण्याला मदत करतं: भट्टीत बेरियम-यट्रियम-निकेल ऑक्साइडचा एक मधला टप्पा तयार होतो आणि त्याच्या आधाराने दाणे कमी तापमानाला जुळतात. याच्यामुळेच ४४११ ला १४५० अंश पुरतात. जास्त घातलं तर जास्त फायदा, असं मात्र नाही. उरलेलं निकेल दाण्यांच्या सीमांवर बसतं आणि पाणी धरण्याची क्षमता कमी करतं.

‘भट्टीत बेरियम उडतंच, म्हणून आधीच पाच टक्के जास्त घाला’ असा सल्ला मिळेल. पहिल्या फेरीत तो मानू नका. जास्तीचं बेरियम सगळं उडत नाही. उरलेलं सीमांवर साचतं, हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, आणि चांगली दिसणारी पेलेट काही दिवसांत कडेने भुसभुशीत होते. बेरियमची भरपाई पेलेटच्या आतून न करता बाहेरून करायची. ते सहाव्या पायरीत येतं.

४. दळणं

पूड २५० मिलिलिटरच्या बरणीत घाला, १५० ते २०० ग्रॅम झिर्कोनियाचे गोळे टाका (३ आणि १० मिलिमीटर मिसळून) आणि सगळं बुडेल इतकं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा निर्जल इथेनॉल ओता. २४ तास फिरवा.

गोळे झिर्कोनियाचेच हवेत. अॅल्युमिनाच्या गोळ्यांतून अॅल्युमिनियम येतं आणि ते बेरियमला पकडून अॅल्युमिनेट बनवतं. अगेटच्या गोळ्यांतून सिलिका येते. झिर्कोनिया झिजला तर निदान घटक ओळखीचा असतो, पण तोही फुकट नाही. दळण्याआधी आणि नंतर गोळे धुऊन, वाळवून तोला. त्यांचं वजन ०.०५ ग्रॅमने घटलं असेल तर तेवढा झिर्कोनिया पुडीत आला आहे, आणि या बॅचमध्ये त्याचा अर्थ बेरियम ०.४ टक्का कमी पडलं असा होतो.

वाळवताना एक सापळा आहे. बरणी तशीच ओव्हनमध्ये ठेवली तर पूड थराथराने बसते: यटर्बियम ऑक्साइडची घनता ९ च्या वर, सेरियाची ७.२, बेरियम कार्बोनेटची ४.३. जड पुडी खाली, बेरियम वर, आणि दिवसभराच्या मिसळण्यावर पाणी फिरतं. म्हणून पसरट भांड्यात ओतून, ८० अंशांच्या आसपास, घट्ट लगदा होईपर्यंत ढवळत राहा. वाळल्यावर खलात मोडा आणि १५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढा.

आधी १११० ते ११५० अंशांना कॅल्सिनेशन (दाबण्याआधी नुसती पूड भाजून संयुग तयार करणं), पुन्हा दळणं, मग पेलेट ही जुनी वाट आहे आणि तीही चालते. निकेल ऑक्साइड घातल्यावर कच्च्या पुडीचीच पेलेट दाबून एकाच भाजणीत संयुग तयार होणं आणि दाट होणं, दोन्ही साधतं. नव्या माणसासाठी हीच वाट चांगली: हाताळणी कमी, आणि हिशेब तपासायला सोपा.

५. पेलेट दाबणं

साच्याला स्टिअरिक अॅसिडचं अॅसिटोनमधलं पातळ द्रावण पुसा. ०.८०० ग्रॅम पूड घाला, साचा हलकेच ठोकून पृष्ठभाग सपाट करा. १३ मिलिमीटरच्या साच्यात २०० मेगापास्कल म्हणजे प्रेसच्या काट्यावर साधारण २.७ टन. काटा टन दाखवतो, लेखांत मेगापास्कल असतात. साच्याचं क्षेत्रफळ धरून रूपांतर न केल्याने कितीतरी पेलेट वाया जातात. दोन मिनिटं धरा आणि दाब हळूहळू सोडा. झटक्यात सोडलात तर आत कोंडलेली हवा पेलेटला वरच्या कडेने टोपीसारखी उचकटते.

पूड धरत नसेल तर बंधक म्हणून पॉलिव्हिनाइल ब्युटिराल अल्कोहोलमध्ये विरघळवून १ टक्का घाला. कॅल्साइन केलेल्या पुडीला पाण्यातलं बंधक लावू नका. पाणी बेरियम ओढून घेतं. कोल्ड आयसोस्टॅटिक प्रेस (सगळ्या बाजूंनी सारखा दाब देणारा) मिळत असेल तर जरूर वापरा.

प्रत्येक पेलेटचं वजन, व्यास आणि जाडी लगेच लिहा.

६. भट्टी

बेरियमचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. १४०० अंशांच्या वर ते बाष्प होऊन पृष्ठभागावरून निघून जातं. पेलेट अॅल्युमिनाला टेकली तर दुहेरी नुकसान: बेरियम मुशीत शिरतं, आणि पेलेट मुशीला चिकटते.

यावर उपाय म्हणजे बलिदानाची पूड. त्याच प्रमाणातलं, पण निकेल न घातलेलं ४४११ साधारण ११५० अंशांवर कॅल्साइन करा, जाडसर चाळा आणि त्यात १० टक्के बेरियम कार्बोनेट मिसळा. मुशीच्या तळाशी जाड थर पसरा, त्यावर पेलेट ठेवा, वरून आणि बाजूंनी पूड टाका, झाकण लावा. पेलेटभोवतीची जागा बेरियमच्या वाफेने भरून राहते, मग पेलेटमधलं बेरियम निघण्याचं कारण उरत नाही. निकेल न घालण्याचं कारण हेच, की ही पूड स्वतः दाट होऊन पेलेटला कवच बनू नये. दर भाजणीत तिचं बेरियम घटत जातं. दोन-तीन वेळांनंतर बदला.

भाजणीचं वेळापत्रक असं:

६०० अंशांपर्यंत मिनिटाला २ अंश, तिथे २ तास. बंधक जळून जातं.
१००० अंशांपर्यंत मिनिटाला २ अंश, तिथे २ तास. कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो. घाई केली तर पेलेट फुगते किंवा तडकते.
१४५० अंशांपर्यंत मिनिटाला ३ अंश, तिथे १० तास.
खाली येताना मिनिटाला ३ अंश.

चढायला आणि उतरायला मिळून साधारण दीड दिवस लागतो. उतरताना घाई करू नका: पेलेट गार होताना हवेतलं पाणी घेते आणि पाणी घेतलं की जालक (स्फटिकातली अणूंची मांडणी) फुगतं. बाहेरचा थर फुगलेला आणि आतला अजून कोरडा, अशा ताणाने तडा जातो.

भट्टीच्या पडद्यावरचं तापमान आणि मुशीजवळचं तापमान यात दहा-वीस अंशांचा फरक सहज असतो. भट्टी नवीन किंवा अनोळखी असेल तर आधी मुशीच्या जागी तापमान-रिंग (तापमानानुसार आक्रसणारी सिरॅमिकची कडी) ठेवून खात्री करा.

७. पेलेट निघाली; आता हिशेब

पहिली तपासणी तराजूवर होते आणि बहुतेक जण तीच टाळतात. वरच्या मिश्रणातून कार्बन डायऑक्साइड पूर्ण गेला तर वजन १२.६ टक्के घटायला हवं. म्हणजे बंधकाशिवाय दाबलेली ०.८०० ग्रॅमची पेलेट ०.६९९ ग्रॅम भरली पाहिजे. बंधक घातलं असेल तर त्याचा भाग आधी वजा करा. यापेक्षा जास्त घट म्हणजे बेरियम गेलं. या पेलेटमध्ये बेरियमचा एक टक्का गेला तर वजनात सुमारे ३.५ मिलिग्रॅम फरक पडतो, म्हणून तराजू ०.१ मिलिग्रॅमचा हवा.

इथे एक गफलत होते. सगळ्या रिकाम्या जागा पाण्याने भरल्या तर याच पेलेटचं वजन सुमारे ४ मिलिग्रॅमने वाढतं, म्हणजे गार होताना घेतलेलं पाणी एक टक्का बेरियमची घट पूर्ण झाकू शकतं. शंका असेल तर पेलेट कोरड्या वायूत ८०० ते ९०० अंशांवर तासभर ठेवून, त्याच वायूत गार करून पुन्हा तोला. पेलेटवर बलिदानाची पूड चिकटलेली नाही, हेही आधी पाहा.

व्यास आता १०.५ मिलिमीटरच्या आसपास असायला हवा. १२ च्या जवळ राहिला असेल तर पुढचं काही करू नका. ती दाट झालेली नाही.

एक्स-रे विवर्तनासाठी एक पेलेट पूर्ण कुटा. नुसता पृष्ठभाग तपासला तर तिथला बेरियम-कमी थर दिशाभूल करतो. तांब्याच्या एक्स-किरणांनी मुख्य शिखर २९ ते ३० अंशांच्या कोनादरम्यान (२-थीटा) येतं. २३.९ अंशांवर काही दिसलं तर बेरियम कार्बोनेट: एकतर क्रिया अपुरी, किंवा बेरियम जास्त. २८.५ वर खांदा किंवा शिखर दिसलं तर सेरिया सुटा आहे, म्हणजे बेरियम कमी. बेरियम कमी पडलं की यट्रियमही आपली जागा सोडून बेरियमच्या जागी जायला लागतं, आणि तिथे ते प्रोटॉनच्या कामाचं नसतं. दोन-तीन टक्क्यांच्या तुटीतही वहन इतकं का पडतं, त्याचं कारण हे.

घनता आर्किमिडीजच्या पद्धतीने, इथेनॉलमध्ये मोजा. तुलनेची सैद्धांतिक घनता तुमच्याच विवर्तनातल्या जालक-मापावरून काढा. ४४११ साठी ती साधारण ६.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते. ९५ टक्क्यांच्या वर असेल तर पुढे चला. ९२ च्या खाली छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात आणि वायू थेट पलीकडे जातो. झटपट परीक्षा: एका बाजूला इथेनॉलचा थेंब ठेवा, दुसऱ्या बाजूला ओल उमटली तर ती पेलेट सेलसाठी बाद.

८. इलेक्ट्रोड आणि इम्पीडन्स

दोन्ही बाजू सिलिकॉन कार्बाइडच्या कागदाने घासा, ४०० पासून १२०० पर्यंत, पाण्याऐवजी इथेनॉल वापरून. पृष्ठभागाचा थर काढणं हाच मुख्य हेतू आहे. १ मिलिमीटर जाडी ठेवा. प्लॅटिनमची पेस्ट लावून ९०० अंशांवर तासभर भाजा. ६५० अंशांच्या खालीच मोजायचं असेल तर चांदीची पेस्टही चालते.

वायू २५ अंशांच्या पाण्यातून बुडबुड्यांनी सोडला की त्यात सुमारे ३ टक्के वाफ येते. बुडबुड्याच्या बाटलीपासून भट्टीपर्यंतची नळी त्या पाण्याच्या तापमानाखाली जाता कामा नये, नाहीतर पाणी वाटेतच जमतं. मोजमाप वरच्या तापमानापासून खाली आणा आणि प्रत्येक तापमानाला रोध स्थिर होईपर्यंत थांबा. ४०० अंशांच्या खाली दाट पेलेटला पाणी मुरायला कित्येक तास लागतात.

इम्पीडन्स, म्हणजे उलटसुलट विद्युतप्रवाहाला होणारा रोध, मोजताना वारंवारता १ मेगाहर्ट्झपासून ०.१ हर्ट्झपर्यंत, विभवाचा आयाम १० ते ५० मिलिव्होल्ट. कमी तापमानाला आलेखात तीन कमानी दिसतात: दाण्याच्या आतली, सीमेची, इलेक्ट्रोडची. कोणती कुठली हे धारितेवरून ठरवा: पहिलीची १० चा उणे ११ वा घात फॅरडच्या आसपास किंवा कमी, सीमेची साधारण उणे ९ वा घात, इलेक्ट्रोडची उणे ६ किंवा त्याहून मोठी. ५०० अंशांच्या वर पहिल्या दोन कमानी यंत्राच्या आवाक्याबाहेर जातात आणि फक्त अक्षावरचा छेद उरतो. तिथे तारांचा स्वतःचा रोध वजा करायला विसरू नका.

वहन म्हणजे जाडी भागिले (रोध गुणिले क्षेत्रफळ). जाडी ०.१० सेंटिमीटर, इलेक्ट्रोडचा व्यास १० मिलिमीटर म्हणजे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटिमीटर, रोध १२.७ ओहम असेल तर वहन ०.०१ सीमेन्स प्रति सेंटिमीटर. ओल्या वायूत ६०० अंशांना या पातळीच्या आसपास आलात तर पेलेट नीट झाली. क्षेत्रफळ इलेक्ट्रोडचं घ्या, पेलेटचं नव्हे.

आकडा कमी आला तर कमानी सांगतात चूक कुठे झाली. सीमेची कमान मोठी असेल तर दाणे बारीक राहिले, किंवा सीमांवर काही साचलंय. दाण्याच्या आतलंच वहन कमी असेल तर बेरियमच्या नोंदी पुन्हा तपासा. कोरड्या आणि ओल्या वायूतल्या मोजमापात काहीच फरक नसेल तर वाफ पेलेटपर्यंत पोचतच नाहीये.

९. सेलकडे जाताना

दाट पेलेट सलग तीन-चार वेळा जमल्याशिवाय सेल करायला घेऊ नका. सेलमध्ये १ मिलिमीटरच्या जागी १० ते २० मायक्रॉनचा थर लागतो, आणि तो निकेल ऑक्साइड व ४४११ च्या ६०:४० वजनी मिश्रणाच्या, इंधनाच्या बाजूच्या अॅनोडवर, सोबतच भाजला जातो. दोन्ही थरांचं आकुंचन जुळलं नाही तर सेल वाटीसारखा वाकतो. ते जुळवायला अॅनोडमध्ये छिद्रांसाठी घातलेल्या स्टार्चचं प्रमाण आणि त्याच्या आधीच्या भाजणीचं तापमान बदला. इलेक्ट्रोलाइटच्या पुडीला हात लावू नका. या अॅनोडमधून निकेल आपोआप वर येतं, म्हणून त्या थरात वेगळं निकेल ऑक्साइड बहुधा लागत नाही.

हायड्रोजन देण्याआधी नायट्रोजनने संपूर्ण वाट धुऊन काढा. हवेत ४ टक्क्यांपासूनच हायड्रोजन पेट घेऊ शकतो. बाहेर पडणारा वायू हूडमध्ये न्या आणि गळतीची तपासणी गार असतानाच करा. निकेल ऑक्साइडचं निकेल होताना आकारमान घटतं, म्हणून हायड्रोजन ५ टक्क्यांपासून हळूहळू वाढवा.

६०० अंशांना, ओल्या हायड्रोजन आणि हवेत, सिद्धांताने सुमारे १.१३ व्होल्ट यायला हवेत. चांगल्या सेलमध्ये १.० ते १.१ दिसतात. कमी का, हे ओळखायला तापमान बदलून पाहा. हवेच्या बाजूला या पदार्थात इलेक्ट्रॉनची पोकळीही थोडी वाहते आणि तापमानाबरोबर वाढते. तापमान उतरवल्यावर व्होल्टेज सिद्धांताजवळ सरकलं तर कारण ते आहे. सगळ्या तापमानांना ०.९ च्या खालीच राहिलं तर वायू गळतोय: आधी सील तपासा, मग थराचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.